आजोबांचा अ‍ॅम्प्लिफायर दुरुस्त करावा की भंगारात देऊन साउंडबार घ्यावा?

तुम्ही विचारलंय की आजोबांचा १९७० च्या दशकातला ट्रान्झिस्टर अ‍ॅम्प्लिफायर आणि रेकॉर्ड प्लेयर वीस वर्षं माळ्यावर पडून आहे. मुलगा म्हणतो भंगारात द्या आणि साउंडबार आणा. जुन्या वस्तू खरंच दुरुस्तीला सोप्या असतात का, की हा नुसता आठवणींचा लळा आहे? आणि इंदूरमध्ये हे काम अजून कुणी करतं का?

आधी एक विनंती. हे उत्तर वाचून होईपर्यंत अ‍ॅम्प्लिफायर प्लगला लावू नका. "चालतोय का ते तरी बघू" म्हणून बटण दाबलं आणि धूर निघाला, असे सेट माझ्याकडे दरवर्षी येतात. त्यातले निम्मे बटण दाबेपर्यंत सहज सुधारण्यासारखे होते.

मी रामबागेतली. बाबांचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं, एक टेबल आणि दोन स्टुलं मावतील एवढं. शाळा सुटली की मी तिथे. माझं काम ठरलेलं होतं, सिरीजच्या दिव्याकडे बघत बसायचं. एका लाकडी फळीवर एक होल्डर, शेजारी एक प्लगपॉइंट, आणि होल्डरमध्ये शंभर वॅटचा दिवा. दुरुस्तीला आलेला प्रत्येक सेट आधी या फळीवर लागायचा. वीज दिव्यातून जाऊन मगच सेटमध्ये शिरायची. आत शॉर्ट असेल तर दिवा भक्कन पेटायचा आणि तसाच पेटलेला राहायचा, सगळा भार तो स्वतःवर घ्यायचा. सेट धड असेल तर क्षणभर उजळून, आतले फिल्टर कंडेन्सर, म्हणजे वीज साठवून ती सपाट करणारे भाग, भरले की मंद व्हायचा. बाबा सेटमध्ये वाकलेले असायचे, त्यांना दिवा दिसायचा नाही. मी ओरडायचे, "बसला, बाबा!" मग ते मीटर हातात घ्यायचे.

पुढे मी बँकेत नोकरी केली, पण संध्याकाळची दुकानातली बैठक सुटली नाही. बाबा गेले, दुकान गेलं. टेबल मात्र मी घरी आणलं, मागच्या खोलीत. निवृत्तीनंतर पूर्ण वेळ हेच करते. त्यामुळे तुमच्या प्रश्नाचं उत्तर मी टेबलावरून देते आहे.

वस्तू दुरुस्त होण्यासारखी आहे म्हणजे काय? माझ्या लेखी तीन गोष्टी. ती न मोडता उघडता आली पाहिजे, दोष कुठे आहे हे ती सांगू शकली पाहिजे, आणि बिघडलेला भाग दुसऱ्या कुणाकडून तरी विकत मिळाला पाहिजे. यातली मधली गोष्ट सगळ्यात महत्त्वाची आणि तिच्याबद्दलच सगळ्यात कमी बोललं जातं. म्हणून एक प्रसंग सविस्तर सांगते.

गेल्या पावसाळ्यात एक गृहस्थ त्यांच्या वडिलांचा अ‍ॅम्प्लिफायर घेऊन आले. तुमच्याकडे आहे साधारण त्याच वयाचा. सोबत उस्ताद अमीर खाँसाहेबांची एक एलपी, "यावरच तपासा" म्हणून. तक्रार अशी की हळू आवाजात छान वाजतो, जरा वाढवला की आवाज फाटतो, आणि तोही डाव्या बाजूचाच. दोन मेकॅनिकांनी आउटपुट, म्हणजे स्पीकरला ताकद देणारे, ट्रान्झिस्टर बदलून पाहिले होते. फरक शून्य.

पायाकडचे चार स्क्रू काढले, झाकण वर उचललं. आत एका बाजूचं छापील बोर्ड, त्यावर रांगेत उभे रेझिस्टर आणि कंडेन्सर, प्रत्येकावर त्याची किंमत रंगांच्या पट्ट्यांनी नाहीतर आकड्यांनी लिहिलेली. मागे हीटसिंकवर, म्हणजे उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या पट्टीवर, चार २एन३०५५, ते जाड पत्र्याचे, दोन स्क्रूंनी बसवायचे ट्रान्झिस्टर. त्या काळात अशा बऱ्याच अ‍ॅम्प्लिफायरना एकच सप्लाय, म्हणजे वीजपुरवठा, असायचा, या सेटमध्ये चाळीस व्होल्टचा. वरचा ट्रान्झिस्टर आवाजाची लाट वर ढकलतो, खालचा खाली खेचतो, आणि दोघांच्या मधल्या बिंदूवरून एका मोठ्या कंडेन्सरमार्फत स्पीकरला तार जाते. आवाज बंद असताना हा मधला बिंदू सप्लायच्या बरोबर निम्म्यावर उभा असला पाहिजे. चाळीसचे निम्मे वीस.

उजवीकडे मीटर लावला, वीस. डावीकडे लावला, एकतीस.

इथे अर्धं काम झालं. मधला बिंदू एकतीसवर असेल तर लाटेला वर जायला जेमतेम नऊ व्होल्ट उरतात. हळू आवाजात लाट नऊमध्ये मावते, म्हणून छान वाजतो. मोठ्या आवाजात तिचा माथा छाटला जातो, म्हणून फाटतो. गिऱ्हाईक जे कानाने सांगत होतं तेच मीटर आकड्यात सांगत होता. मग प्रश्न उरला की बिंदू वर का चढला. तो कुठे उभा राहायचा हे ठरतं अगदी पहिल्या ट्रान्झिस्टरपाशी, दोन सारख्या रेझिस्टरनी. दोन्ही एक लाख ओहमचे. वरचा बरोबर भरला. खालचा सेटमधून एक पाय सोडवून मोजला तर तीन लाखांच्या वर. जुने कार्बनचे रेझिस्टर वर्षानुवर्षांत असे वर सरकतात, दिसायला अगदी नवे राहतात. नवीन रेझिस्टर डब्यात होताच. लावला, मीटर वीसवर आला. दोघांनी बदललेले आउटपुट ट्रान्झिस्टर मुळात बिघडलेलेच नव्हते.

ही कहाणी हुशारी दाखवायला सांगत नाही. रेडिओची थोडी माहिती असलेला कुणीही हे करू शकला असता, कारण त्या अ‍ॅम्प्लिफायरमध्ये प्रत्येक काम वेगळ्या भागाकडे होतं आणि प्रत्येक भागापर्यंत मीटरची सुई पोचत होती. शिवाय त्यातला एकही भाग त्या कंपनीने स्वतःसाठी खास बनवलेला नव्हता. २एन३०५५ कुणाचाही चालतो. बंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सने आपल्याकडे कितीतरी वर्षं व्हॉल्व्ह (ट्रान्झिस्टरच्या आधीच्या काचेच्या नळ्या) आणि ट्रान्झिस्टर बनवले, ते वेगवेगळ्या कंपन्यांच्या रेडिओत गेले. कंपनी बंद पडली तरी सेट अनाथ होत नसे. बऱ्याच सेटच्या मागच्या झाकणाच्या आत सर्किटचा नकाशाच चिकटवलेला असायचा. बनवणाऱ्याने गृहीतच धरलेलं होतं की हे कधीतरी कुणीतरी उघडणार आहे.

आता दुसरी बाजू. माझ्या भाचीचा ब्लूटूथ स्पीकर. बॅटरी अर्धा तासही टिकेना. बाहेरून एकही स्क्रू नाही. कापडी जाळी हेअर ड्रायरने गरम करत, प्लास्टिकच्या पातीने सोलत काढावी लागली, तेव्हा खाली स्क्रू सापडले. बॅटरी दुहेरी चिकटपट्टीने तळाला घट्ट बसवलेली. लिथियमची बॅटरी उचकटताना वाकली किंवा टोचली गेली तर पेट घेऊ शकते, त्यामुळे हे काम मी वाळूची बादली शेजारी ठेवून केलं. बॅटरी मिळाली, बसली, स्पीकर चालला. पण जाळी पुन्हा पहिल्यासारखी बसली नाही, आणि पाण्यापासून वाचवणारं जे सील होतं ते कायमचं गेलं. चारपाचशे वेळा चार्ज झाली की क्षमता उतरणारच असा भाग आतमध्ये चिकटवून टाकलेला, याचं मला मनापासून वाईट वाटतं. झिजणारा भाग आधीच माहीत आहे, तर त्याला एक दार ठेवायला काय हरकत होती?

त्या स्पीकरच्या बोर्डावर बॅटरीऐवजी मुख्य चिप गेली असती तर मी काहीच करू शकले नसते. ब्लूटूथ, आवाजाची जुळवाजुळव, बटणं, चार्जिंगवर लक्ष, सगळं एका नखाएवढ्या चिपमध्ये, तिचे जोड पोटाखाली, आणि आत कंपनीचं सॉफ्टवेअर. तशीच कोरी चिप आणून लावली तरी ती जागी होणार नाही. आजूबाजूचे रेझिस्टर एक मिलीमीटर लांब आणि अर्धा मिलीमीटर रुंद, त्यांच्यावर काहीच छापलेलं नाही. एक जळून काळा झाला तर तो किती ओहमचा होता हे कुणाला विचारायचं?

तरी नव्याची बाजू मला प्रामाणिकपणे मांडली पाहिजे. हे सगळं निव्वळ लबाडीने झालेलं नाही. एवढे बारीक भाग यंत्र बसवतं म्हणून स्पीकर स्वस्त झाला. आजचे क्लास डी अ‍ॅम्प्लिफायर घेतलेल्या विजेतली साधारण नव्वद टक्के स्पीकरपर्यंत पोचवतात. जुन्यांची बरीचशी वीज हीटसिंक तापवण्यात जाते. आणि नव्या वस्तू मुळात कमी बिघडतात. बाबांच्या लहानपणीचे व्हॉल्व्हचे रेडिओ सारखे दुकानात यायचे, व्हॉल्व्ह हा दिव्यासारखा झिजणाराच भाग होता. आज आपल्यासमोर जे जुने सेट वाजताहेत ते टिकलेले आहेत. न टिकलेले केव्हाच भंगारात गेले, ते आपल्या मोजणीत येत नाहीत.

शिवाय सगळं जुनं दुरुस्तीला सारखं नाही. तुमचा १९७० च्या दशकातला अ‍ॅम्प्लिफायर मला १९८० च्या दशकाच्या शेवटच्या कॅसेट डेकपेक्षा कितीतरी सोपा आहे. डेकमधले रबरी पट्टे विरघळून डांबरासारखे होतात, ते स्पिरिटने खरवडून काढण्यातच दुपार जाते. प्लास्टिकचे बारीक दाते तुटतात आणि ते फक्त त्याच मॉडेलचे असतात. त्या काळात एसटीके नावाचे जाड आउटपुट आयसीही सर्रास असायचे, अख्खा अ‍ॅम्प्लिफायर एका विटेत. ते बनणं बंद झालं, आणि आता बाजारात त्यांच्या नावाने जे मिळतं त्यात नकलीच जास्त. म्हणजे भाग एकत्र करून बंद करण्याची सुरुवात स्मार्टफोनच्या खूप आधी झाली होती.

तुमच्या मुलाला एक गोष्ट जरूर सांगा. एकदा त्याने जेल रोडवर मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात उभं राहून बघावं. वीस-बावीस वर्षांची पोरं मायक्रोस्कोपखाली, गरम हवेच्या गनने, पोटाखाली जोड असलेल्या चिपा उचलून सोल्डरचे नवे गोळे बसवून परत लावतात. बाबांनी बघितलं असतं तर स्टूल ओढून तिथेच बसले असते. हात आहेत, उपकरणंही आहेत. पण ही पोरं फोन सुधारतात कारण त्यांच्या संगणकावर त्या फोनच्या बोर्डाचा नकाशा असतो आणि मेलेल्या फोनमधून काढलेले सुटे भाग शेजारच्या दुकानात मिळतात. एकच फोन लाखांनी विकला जातो म्हणून हे जमतं. साउंडबारचं मॉडेल वर्षभरात बदलतं. त्याचा नकाशा कुणाकडे नाही. आमच्या शेजाऱ्यांचा साउंडबार विजा कडाडल्या त्या रात्री गेला, तर सर्व्हिस सेंटरने अख्खा बोर्ड बदलावा लागेल म्हटलं, आणि त्या बोर्डाची किंमत नव्या साउंडबारच्या निम्म्याहून जास्त. माझ्याकडे आणला तेव्हा पॉवर सप्लायमधला एक सुरक्षेचा भाग फुटून फ्यूज गेला होता, एवढंच. तो वाचला. दोष पॉवर सप्लायच्या पुढे, चिपपर्यंत गेला असता तर वाचला नसता.

म्हणून नवी वस्तू मेली तरी फेकण्याआधी पॉवर सप्लायचा भाग नक्की बघून घ्या. तिथले कंडेन्सर सपाट डोक्याचे असायला हवेत. डोकं फुगलेलं दिसलं तर तोच गुन्हेगार असण्याची दाट शक्यता. हे कंडेन्सर ठरावीक तासांच्या आयुष्याचे असतात, अनेकदा १०५ अंशांवर २००० तास, आणि दर दहा अंश कमी तापमानाला आयुष्य साधारण दुप्पट. बारक्या, हवा न खेळणाऱ्या डब्यात ते तापलेल्या भागांना चिकटून बसवले की लवकर जातात. पण हे काम जाणत्याकडूनच करून घ्या. त्या सप्लायमध्ये तीनशेच्या वर व्होल्ट असतात आणि प्लग काढल्यावरही काही वेळ राहतात. माझा सिरीजचा दिवाही तिथे नीट कामाला येत नाही. असे सप्लाय कमी वीज मिळाली की बंद-चालू होत राहतात आणि दिवा उगाच लुकलुकतो.

कायद्याचं थोडक्यात. आपल्याकडे केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली आणि कंपन्यांची दुरुस्तीची माहिती एका ठिकाणी देणारं पोर्टलही काढलं. युरोपात १८ फेब्रुवारी २०२७ पासून लहान उपकरणांतली बॅटरी, काही अपवाद वगळता, वापरणाऱ्याला स्वतः काढता येईल अशी द्यावी लागणार आहे. तिथे नियम बदलला की इथे येणाऱ्या वस्तूही थोड्याफार बदलतील अशी मला आशा आहे. नवीन स्पीकर घ्यायचाच असेल तर दुकानात दोनच गोष्टी विचारा, स्क्रू कुठे आहेत आणि बॅटरी वेगळी मिळते का. शक्य असेल तर सगळं एकात असलेल्या साउंडबारपेक्षा साधे लाकडी स्पीकर आणि वेगळा अ‍ॅम्प्लिफायर घ्या. ब्लूटूथचा भाग तेवढा बाहेरून जोडा. तो मेला तरी बाकीचं घर शाबूत राहतं.

आता तुमच्या सेटकडे. अ‍ॅम्प्लिफायर प्लगला लावू नका म्हटलं त्याचं कारण हे. वीस वर्षं न वापरलेल्या फिल्टर कंडेन्सरच्या आतला ऑक्साइडचा पातळ थर कमजोर झालेला असतो. एकदम पूर्ण व्होल्टेज मिळालं की तो गळू लागतो, तापतो, फुटतो, आणि कधीकधी ट्रान्सफॉर्मरही घेऊन जातो. ट्रान्सफॉर्मर गेला तर मात्र दुरुस्ती खरंच महाग पडते. फळीवर, दिव्यातून, पहिल्यांदा वीज द्यायची. दिवा तारेचाच हवा, एलईडी चालत नाही. मागे व्होल्टेजची खाच असेल तर ती बघा. बऱ्याच जुन्या सेटना ११०, २२० आणि २४० असे पर्याय असतात. आज आपल्याकडे वीज २३० ची, अनेकदा त्याहून वर, म्हणून २४० वर ठेवा.

फिल्टर कंडेन्सर मी न मोजताच बदलते. व्होल्टेज मूळच्याइतकं किंवा वरचं, मायक्रोफॅरड तेवढेच किंवा थोडे जास्त. सगळे मिळून काही शेकड्यांचं काम आहे आणि महाराणी रोडवर सगळे मिळतात. फक्त २एन३०५५ लागलेच तर ओळखीच्या दुकानातून घ्या, नकली फार आहेत. व्हॉल्यूम फिरवताना खरखर येणार हे धरून चाला, त्यासाठी कॉन्टॅक्ट क्लीनर असतो. घरातला गंजाचा फवारा मारू नका, तो आतला कार्बनचा थर खराब करू शकतो.

रेकॉर्ड प्लेयरचं काम जास्त नाजूक. आत मोटरवरून तबकडी फिरवणारं रबरी चाक असेल तर ते कडक झालेलं असणार, आणि ग्रीसचं मेण. ते पूर्ण पुसून नवं तेल द्यावं लागतं. सुईच्या डोक्यात जुना क्रिस्टल असेल तर दमटपणाने तो बहुतेक मेलेला असतो आणि तो दुरुस्त होत नाही, बदलायचाच. ज्या तबकड्या तुम्हाला प्रिय आहेत त्या जुन्या सुईवर कृपा करून लावू नका. झिजलेली सुई एका वाजवण्यात खाचा कायमच्या खरवडते.

इंदूरमध्ये हे करणारे आम्ही थोडे उरलोय, पण आहोत. आधी मला आत काय आहे ते बघू द्या. प्लग काढलेला आहे याची खात्री करून झाकण उघडा, आत कशालाही हात लावू नका, आणि वरून दोन फोटो काढून इथे टाका. एकात पूर्ण बोर्ड दिसू दे, दुसऱ्यात ते मोठे नळकांड्यासारखे कंडेन्सर जवळून, त्यांच्यावरचे आकडे वाचता येतील असे. ते वाचले की काय आणायचं याची यादी मी तुम्हाला लिहून देते.